डावीकडचा आवाज

लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात मी चौथ्या हेडफोनच्या गादीला चिमटे काढून बघत होते, तेव्हा दुकानदाराचा धीर सुटला.

"ताई, हेडफोन आहे तो, तक्क्या नाय."

"आठ-आठ तास डोक्यावर बसणार असेल तर तक्क्याच झाला," मी म्हटलं. "रेग्झीन नको. कापडी गादीचा दाखवा."

मी शिवणकाम करते. लालबागला आमच्या चाळीत बकुळा म्हटलं की लोकांना ब्लाउजच आठवतो. तीस वर्षं कापड, फोम आणि अस्तर हाताखालून गेलंय, त्यामुळे अंगाला काय सोसेल आणि काय टोचेल हे मला बोटांनीच कळतं. रेग्झीन दिसायला झकपक, पण आपल्याकडच्या घामात चार महिन्यांत त्याचे पोपडे सुटतात आणि कानाला चिकटतात. कापड निदान घाम पिऊन घेतं. गादी कानाभोवती बसायला हवी, कानावर नव्हे. कानावर बसली की पाळी दुमडते आणि तासाभरात ठणकायला लागते. वजनाला हलका हवा, नाहीतर मान धरते. शिवाय माझ्या मुलीला चष्मा आहे, म्हणजे पकड अशी हवी की काडी कानशिलात रुतणार नाही. हे सगळं मी त्या माणसाला ऐकवलं आणि बिचाऱ्यानं ऐकून घेतलं.

मुलगी, म्हणजे राधा, बाजूला उभी होती. बावीस वर्षांची. ती कंप्युटरवर खेळते. आधी मीही 'एवढी घोडी झालीस आणि खेळतेस काय' म्हणून तिच्यावर खेकसायचे. मग एकदा तासभर तिच्या शेजारी बसले आणि गप्प झाले. पाच जणांचा संघ, समोर दुसरे पाच. भिंतीआडून कोण येतंय ते दिसत नाही, ऐकावं लागतं. पावलं डावीकडून येतायत की उजवीकडून, जिन्यावर आहेत की पाठीमागे, हे कानाला कळलं तर वाचला, नाहीतर मेला. राधाचं त्या खेळातलं नाव 'कुर्ली', म्हणजे खेकडी, कारण ती कोपऱ्यात दबा धरून बसते आणि सापडेल त्याला पकडते. बंगळुरूच्या एका नावाजलेल्या संघात एक जागा रिकामी झाली होती आणि त्यांनी हिला वीस तारखेला निवडीसाठी बोलावलं होतं. त्यांच्यासमोर बसून खेळायचं. तोवर रोज आठ तास सराव, म्हणून हा हेडफोन.

कापडी गादीचा पाचवा हेडफोन आला. मी चिमटा काढला, वजन पाहिलं, काडीची जागा पाहिली आणि राधाच्या हातात दिला. तिनं तो चढवला. दुकानदारानं आपल्या कंप्युटरवर पावलांचे आवाज लावले.

"ह्याचीपण डावी बाजू कमी आहे," राधा म्हणाली.

"पाचही पीस डावीकडून खराब?" दुकानदार हसला. "मॅडम, हा डेमोचा आहे. सकाळपासून दहा जणांनी घालून बघितला."

"कमी आहे म्हणजे आहे. डावीकडचा आवाज वेगळा वाढवता येतो असा नाही का?"

"उलटा घालून बघा ना. एका मिनिटात कळेल, हेडफोनचा फॉल्ट आहे की नाय ते."

त्यानं हेडफोन फिरवून तिच्या हातात दिला, डावा कप उजव्या कानावर येईल असा. राधानं विचार न करता घातला. दोन क्षण ऐकलं. आणि तिचा हात आपसूक पुन्हा डाव्या कानाकडेच गेला. मग काय झालं ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं घाईघाईनं हेडफोन काढून काउंटरवर ठेवला.

दुकानदार शहाणा होता. तो वायर गुंडाळायला लागला. मी काउंटर धरून उभी राहिले.

बसमध्ये राधा म्हणाली, "मळ साचलाय गं आई. थेंब घातले की सुटेल."

"कधीपासून?"

"चार-आठ दिवस."

तिनं खिडकी स्वतःकडे घेऊन मला आपल्या उजव्या हाताला बसवलं होतं. नेहमी तसंच बसवते. मला आपलं वाटायचं, पोरीला वारा लागतो.

हे आमच्या घरात कळलं कसं नाही, असं कुणीही विचारेल. पण आमच्या घराची तऱ्हाच अशी आहे की ते कळणारच नाही. माझे वडील, दत्ताराम, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, गिरणीत साच्यांवर होते. साचा म्हणजे माग. अठराव्या वर्षी लागले ते ब्याऐंशीच्या संपापर्यंत. साचेखात्यात शेकडो माग एकदम चालायचे, शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी त्याला ऐकू जायचं नाही. म्हणून तिथली माणसं ओठांवरून आणि हातांनी बोलायची. दोन बोटं एकमेकांपासून लांब नेली की धागा तुटला. मिशीवरून बोट फिरवलं की जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय. मग संप झाला, गिरणी बंद ती बंदच राहिली आणि आबा घरी बसले. तेव्हा आम्हाला कळलं की मागांचा आवाज थांबला तरी त्यांच्या कानात दुसरा कुठलाच आवाज परत येत नाहीये.

तेव्हापासून आमच्याकडे कोणी पाठमोरं बोलत नाही. हाक मारायची नाही. समोर जायचं, खांद्याला हात लावायचा, तोंड दिसेल असं उभं राहायचं आणि शब्द ओठांनी सुटे करून सांगायचे. माणूस खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर दिव्याचं बटण एकदा खाली-वर करायचं. राधाचा बाप ती तीन वर्षांची असताना गेला आणि मी तिला घेऊन आबांच्या खोलीत परत आले. पहिलीत जायच्या आधीच तिला ओठ वाचता यायचे. शाळेत बाई फळ्याजवळ एकमेकींत काय कुजबुजल्या ते शेवटच्या बाकावरून वाचून घरी सांगायची आणि आम्ही हसून लोळायचो. अशा घरात कुणाचा कान गेला तर तो कळायचा कुठून? त्याला काही अडतच नाही.

त्या दुपारी घरी जेवणं झाली. राधा हेडफोन न घालता पडद्यावर कुणाचातरी खेळ बघत बसली होती. मी तिच्या मागे, डाव्या हाताला उभी राहिले आणि कात्री उघडून मिटली. माझी कात्री मोठी, चांगली वाजते. राधा हलली नाही. मी एक पाऊल पुढे गेले आणि पुन्हा मिटली. काही नाही. मग तिच्या कानापासून वीतभर अंतरावर नेली. मिटली. ती पडद्याकडे बघत शांत बसली होती. मी मागे सरले, दारापर्यंत गेले आणि उजव्या बाजूनं एकदाच मिटली, तर लगेच मान वळली.

"काय गं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. मला रडायचं होतं, पण रडू आलं नाही, नुसती भीती वाटत राहिली.

ह्याच मोरीत माझी आई पडली होती. अठ्ठ्याऐंशी साल. मी पंधरा वर्षांची, शिवणाच्या क्लासला गेले होते. आई, कमळाबाई तिचं नाव, कपडे धुताना घसरली आणि तिचं डोकं दगडावर आपटलं. तिनं हाका मारल्या. हे मला शेजारच्या गंगुबाईनं नंतर सांगितलं. 'अहो, अहो' अशा हाका तिनं भिंतीपलीकडून ऐकल्या होत्या. पण दत्ताराम घरातच आहे हे तिला माहीत होतं, मग आपण कशाला जायचं, तो बघेल, असं तिला वाटलं. आबा सहा फुटांवर दाराकडे तोंड करून पेपर वाचत होते. मी घरात शिरले तर ते हसले आणि मला पेपरातली कसलीतरी बातमी दाखवायला लागले. आई तीन दिवसांनी गेली.

त्या दिवसापासून मी ह्या खोलीतून बाहेर पाऊल टाकते ते जीव मुठीत धरूनच. माप घ्यायला जावं लागतं, कापड आणायला जावं लागतं. राधा कळती झाल्यापासून तिला मी एकच गोष्ट पढवली होती: आबा घरात असताना एक कान घरात ठेवायचा. ती हेडफोन लावून खेळायला लागली तेव्हा मी अगदी दम देऊन सांगितलं होतं, "दोन्ही कान बंद करशील तर बघ. कुकर आहे, दार आहे, आबा पडले-बिडले तर?" माझं तिनं कधी ऐकलं नाही, पण हे ऐकलं. उजवा कप ती कानामागे सरकवून ठेवायची. आणि एका कानात दोन कानांचं ऐकायचं म्हणून डावीकडचा आवाज शेवटपर्यंत वाढवायची. पाच वर्षं. मी बाहेर असेन त्या प्रत्येक दिवशी पाच-पाच, सहा-सहा तास. मी घरी असले की दोन्ही कप कानांवर, आवाज तेवढाच.

त्यात मी आणखी शहाणपणा केला. तिचा जुना हेडफोन टोचायचा. तासाभरानं ती तो काढून ठेवायची आणि कान चोळत गॅलरीत फिरून यायची. मला तिची दया आली. मी मलमलचे दुहेरी अभ्रे शिवले, आत बारीक फोम भरला, चष्म्याच्या काडीपाशी खाच ठेवली. मोठ्या कौतुकानं शिवले. "आई, घातलाय असं वाटतच नाही आता," राधा म्हणाली आणि मी ते चार गिऱ्हाइकांना सांगितलं. दुखत होतं तोवर ती तासाभरानं काढत होती. ते दुखणं मी माझ्या हातानं काढून टाकलं, आणि त्यानंतर ती उठेनाशीच झाली.

आबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"राधाचा डावा कान," मी म्हटलं.

त्यांनी मान फिरवली. आमच्या घरात मान फिरवणं म्हणजे फोन आपटणं. मी त्यांची हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवलं. सत्त्याहत्तर वर्षांच्या बापाची हनुवटी अशी धरायची नसते, पण मला तेव्हा सुचलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"वर्ष झाला," आबा म्हणाले. त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, ते फार मोठ्यानं बोलतात. मी हातानं 'हळू' म्हटलं. "आदी ती माझ्या डोळ्यांत बघून बोलायची. आता तोंडाकडे बघता. माका तेव्हाच कळला."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तिना शपथ घातल्यान. आईक सांगलात तर आई खेळ बंद करतली, म्हणाली." मग त्यांनी आपल्या कानाला बोट लावलं. "आदी चिमण्यो जातत, बकुळा. मग पोरांचो आवाज, मग बायकांचो. आपल्याक वाटता, लोकच हळू बोलतत." त्यांचे डोळे भरून आले. "माझ्यासाठी ठेवलान ना तिना एक कान उघडो? माझ्यामुळे गेलो तिचो दुसरो."

ते खरं होतं, आणि तो कान उघडा ठेवायला लावणारी मी होते.

राधा कधी दारात येऊन उभी राहिली होती, कळलं नाही. तिनं आमचे ओठ वाचले असणारच.

"वीस तारखेपर्यंत थांब, आई," ती म्हणाली. "अकरा दिवस. फक्त अकरा. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येते."

"अकरा दिवस रोज आठ तास तेच कानात ओतणार?"

"आवाज कमी ठेवीन. उजव्या कानावर खेळेन."

"आणि डावीकडून कोणी आलं तर?"

"मी बघून घेते ना. आत्तापर्यंत कोणाला कळलं? टीमला नाही कळलं. तुला कळलं?"

हे मला लागलं. मी तिच्या अंगावर ओरडले. आबा एकदा तिच्या, एकदा माझ्या तोंडाकडे बघत बसले आणि त्यांची मान दुखेस्तोवर आम्ही भांडलो. शेवटी मीच अट घातली. मंगळवारी दादरला जाऊन कान तपासून घ्यायचे. रिपोर्ट चांगला आला तर तो कापडी गादीचा हेडफोन मी स्वतः आणीन आणि बंगळुरूलाही सोबत येईन. रिपोर्ट वाईट आला तर खेळ बंद, वीस तारीख विसरायची.

राधानं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "चालेल."

इतक्या पटकन म्हणाली की मी तेव्हाच चरकायला हवं होतं. पण मला त्या 'चालेल'वर विश्वास ठेवायचा होता.

मंगळवारपर्यंतचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. हातात घेतलेला एक ब्लाउज मी उलटा शिवला, जे माझ्याकडून वीस वर्षांत झालं नव्हतं. राधा मोरीत गेली की मी सुई थांबवून बसायचे. सोमवारी बाजारात जाताना मुद्दाम तिच्या डाव्या हाताला चालले. पुलाखाली एक मोटरसायकल डावीकडून हॉर्न वाजवत आली. रस्त्यातली सगळी माणसं बाजूला झाली आणि माझी मुलगी सरळ चालत राहिली. मी तिचा दंड धरून ओढली, इतक्या जोरात की वळ उठला. "दिसली नाही गं," ती म्हणाली. ऐकू आली नाही, असं तिनं म्हटलं नाही.

आणि तरी मी मनात घोकत होते की मळच निघू दे. चांगला रिपोर्ट येऊ दे. बाई गं, तो कागद एकदा हातात पडू दे.

दादरच्या त्या दवाखान्यात एक लहानशी काचेची केबिन होती, आवाज आत-बाहेर न जाणारी. आत राधाला खुर्चीवर बसवलं. तपासणारी मुलगी राधाच्याच वयाची, वेणी घातलेली. तिनं राधाच्या कानावर हेडफोन चढवला, लाल बाजू उजवीकडे, निळी डावीकडे. त्याची गादी कडक रबरी आणि पकड घट्ट. एरवी मी तो पोरीच्या डोक्यावर पाच मिनिटं टिकू दिला नसता. राधाच्या हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी दाबायचं. दार बंद झालं. ती मुलगी बाहेर काचेसमोर यंत्रापाशी बसली आणि मी तिच्या मागे स्टुलावर बसले. आत राधानं बटण दाबलं की बाहेर यंत्रावर छोटा दिवा लागायचा.

दिवा लागत गेला. ती मुलगी एक कळ दाबायची, दिवा लागायचा. खटका फिरवायची, पुन्हा दाबायची, दिवा लागायचा. उजवा कान झाला. डावा सुरू झाला. दिवा लागला. पुन्हा लागला. प्रत्येक वेळी लागला.

"चांगलं आहे की, मावशी," ती मुलगी मागे न बघता म्हणाली. "डावाही नॉर्मल वाटतोय. मळच असेल."

मला रडू फुटलं. तीन दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं. मी पदरानं डोळे पुसले आणि राधाकडे बघून हसले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती खाली बघत होती, काचेतून, त्या मुलीच्या हाताकडे. मुलीचं बोट कळेवर खाली गेलं की राधाचा अंगठा खाली जायचा. मुलगी कागदावर लिहायला थांबली की राधाचा अंगठाही थांबायचा. मुलीनं एकदा बोट नुसतंच कळेवर टेकवलं, दाबलं नाही, तर राधानंही दाबलं नाही. मी साचेवाल्याची मुलगी. हातांवरून कोण काय वाचतंय हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मी गप्प बसले. किती वेळ ते सांगायची लाज वाटते. तो कागद मला हवा होता. कागदावर नॉर्मल लिहिलेलं असतं, पोरगी बंगळुरूला गेली असती, आबांच्या जिवाला टोचणी राहिली नसती आणि माझ्याही. सगळं माझ्या गप्प बसण्यावर होतं आणि गप्प बसणं फार सोपं होतं. पण उद्या ही त्या परक्या गावात रस्ता ओलांडेल तेव्हा तिच्या डाव्या हाताला मी नसेन, एवढं एकच मनात येत राहिलं आणि ते काही केल्या जाईना. मी उठले.

"पुन्हा करा," मी म्हटलं. "पहिल्यापासून."

"अहो पण नॉर्मल आहे, मावशी."

"ती तुमच्या हाताकडे बघतेय."

मी यंत्र आणि काच ह्यांच्या मधल्या जागेत शिरले आणि राधाकडे तोंड करून उभी राहिले, त्या मुलीचे हात माझ्या पाठीआड जातील अशी. आत राधाचे डोळे आधी हात शोधत राहिले. मग ते माझ्या तोंडावर आले. तिला कळलं. तिनं मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि जागची हलले नाही.

मागे यंत्राच्या खटक्याचा आवाज आला. उजव्या कानापासून पुन्हा सुरुवात. राधाचा अंगठा खाली गेला. थोड्या वेळानं पुन्हा गेला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. माझ्याकडे न बघता, आपल्या आपण. माझा जीव थोडा खाली बसला. निदान उजवा धड आहे, एका कानावरही माणूस जगतो, चांगला जगतो, असं मी स्वतःला सांगायला लागले.

मग तिचा अंगठा थांबला.

मी वाट बघितली. राधाही वाट बघत होती. बटण हातात धरून, डोकं थोडं कलतं करून. तिनं छताकडे बघितलं. चष्मा सारखा केला. मला वाटलं, मागे ती मुलगी कागद शोधत असेल. मग यंत्राच्या स्पीकरमधून राधाचा आवाज आला.

"ताई, थांबलात का? सुरू करा ना."

माझ्या पाठीमागून ती मुलगी हळूच म्हणाली, "मी थांबले नाहीये हो. वरच्या पट्टीतला बारीक आवाज देतेय, केव्हाची. वाढवत वाढवत." मग जरा वेळानं म्हणाली, "आणि मावशी, हा डावा नाही. अजून उजवाच चाललाय."

मी केबिनचं दार उघडलं. आत गेले, राधाच्या समोर खाली बसले आणि तिच्या गुडघ्यांवर हात ठेवले.

"सुरूच आहे, बाळा," मी म्हटलं. "मघापासून सुरू आहे."

तिनं माझ्या ओठांवरून ते वाचलं. पण बटणावरचा अंगठा काही तिनं उचलला नाही, तशीच वाट बघत राहिली.